पाचवा कोपरा

फरवानियाच्या आमच्या खोलीत आठ पलंग होते. चार या भिंतीला, चार त्या भिंतीला, मधून चालायला वाट. खोलीला कोपरे चार, पण माणसाला धड झोप लागेल असा कोपरा एकच. एका कोपऱ्यात दार उघडायचं ते थेट झोपलेल्याच्या पायावर. दुसऱ्यात बाथरूमचं दार, पहाटे चारपासून बादल्यांचा आवाज. तिसऱ्यात फ्रीज. तो जुना होता आणि चालू झाला की खोकल्याची उबळ आल्यासारखा हलायचा. चौथा कोपरा माझा.

तो मला कोणी दिला नव्हता. लढाई संपल्यावर कुवेत पुन्हा बांधायला लागलं तेव्हा मी आलो, शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे करणारा सुतार म्हणून. ही खोली आम्ही गाववाल्यांनी घेतली तेव्हा पहिली ट्रंक मी आत ठेवली, आणि ठेवली ती त्या कोपऱ्यात. नंतर साईटवरचं उरलंसुरलं प्लायवूड फोरमनला विचारून आणलं आणि पलंगाच्या डोक्याशी फळी केली, फळीवर देवाची तसबीर, खाली आरसा, दाढीचं सामान ठेवायला खण, पलंगाखाली ओढायची पेटी. पटाशी आणि पॉलिश पेपर, दुसरं काही नाही. पाहुणा आला की आधी माझा कोपरा बघायचा, मग चहा प्यायचा. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. मला कागदावर सही करायला वेळ लागतो, पण लाकडावर मी काय लिहू शकतो ते त्या कोपऱ्यात दिसायचं.

आता क्रिकेटचं सांगतो, कारण कोपऱ्याची भानगड तिथूनच सुरू झाली.

थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी फिंतासला समुद्राकडच्या मोकळ्या जागेत आम्हा कोकणातल्या लोकांच्या मॅच असायच्या. टेनिसचा बॉल, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. खोल्या आठ पलंगांच्या म्हणून टीमही आठांच्या. सुरुवातीला जो तो कुठूनही माणसं आणायचा. एकदा एका खोलीने कोणाचा तरी कॉलेजात खेळलेला मेहुणा आणला, जो त्यांच्या खोलीत एक दिवस राहिला नव्हता. त्यावरून स्टंप उपटून मारामारी झाली. तेव्हा सगळ्यांनी बसून नियम केला: ज्याचा पलंग ज्या खोलीत, तो त्या टीमचा. आणि नुसता पलंग दाखवून भागायचं नाही. गुरुवारी संध्याकाळी दुसऱ्या टीमची दोन माणसं येऊन बघायची. पलंगाखाली ट्रंक हवी, दाराशी चपला हव्यात, दोरीवर त्याचा टॉवेल हवा, आणि तो ओला हवा.

म्हणजे आमच्याकडे चांगला खेळाडू घ्यायचा तर त्याला घरात घ्यावा लागायचा. तो सिक्स मारणार शुक्रवारी एक तास. बाकी आठवडाभर तो आपल्या बाजूला झोपणार, आपल्या आधी बाथरूममध्ये घुसणार, त्याच्या स्वयंपाकाच्या पाळीला करपलेली आमटी आपण खाणार.

बक्षीस म्हणून एक दल्ला होता. दल्ला म्हणजे अरबांची कॉफीची किटली, पितळेची, पक्ष्यासारखी लांब चोच. जिंकेल त्या खोलीत वर्षभर राहायची. दोन वर्षं ती शुऐबाच्या कॅम्पातल्या टीमने नेली. दुसऱ्या वर्षी नेताना त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "अण्णा, शेवटचं एकदा हात लावून घ्या." त्यावर मी सगळ्यांसमोर बोललो की पुढच्या वर्षी हा दल्ला आमच्या फ्रीजवर नसला तर मी पुन्हा मैदानात पाऊल ठेवणार नाही. बोललो ते बोललो. मी कॅप्टन होतो आणि वयानेही सगळ्यांत मोठा होतो. माझं बोलणं परत घ्यायची मला सवय नाही.

आणि नेमका त्याच पावसाळ्यात आमचा सिक्स मारणारा प्लंबर कायमचा गावाला गेला. लग्न ठरलं होतं. मुलीने सांगितलं, फोनवरचा नवरा मला नको. तिचंही खरं होतं. पण आमचा एक पलंग रिकामा झाला आणि बॅटिंग गेली.

अशात एक दिवस आमचा इलेक्ट्रिशियन कामावरून धावतच वर आला. हा माझ्याच गावचा, मेसचा हिशोब आणि खोलीतली सगळी भांडणं याच्याकडे. मी चपात्या लाटत होतो.

"अण्णा, शुऐबाचा कॅम्प फुटला!"

"फुटला म्हणजे?"

"त्या प्लांटचं काम संपलं. कंपनीने सांगितलं, आपापल्या खोल्या बघा, बस येऊन घेऊन जाईल. दोघं पण फरवानियात खोली शोधतायत. दोघं पण!"

दोघं म्हणजे कोण ते सांगायची गरज नव्हती. आमची दोन वर्षं मातीत घालणारे ते दोघे. एक एसी मेकॅनिक, गुहागरकडचा, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला. हा धावायचा नाही. धावायची वेळच येऊ द्यायचा नाही. अंगावरचा बॉल असा उचलायचा की आम्ही बॉल शोधायला जायचो आणि तो मध्ये उभा राहून पाणी प्यायचा. दुसरा क्रेनवाला, वेंगुर्ल्याकडचा, तिशीच्या आतला, माडासारखा उंच. तो सरळ मारायचा, बॉलरच्या डोक्यावरून. माझ्या डोक्यावरून किती गेले ते मी मोजले नाहीत आणि इथेही सांगणार नाही.

पलंग एक आणि माणसं दोन. शिवाय आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या माळ्यावर चिपळूणवाल्यांची खोली होती, त्यांचाही पलंग रिकामा होता. म्हणजे आम्ही सोडू तो त्यांच्याकडे जाणार आणि फायनलला आमच्यासमोर उभा राहणार, हे उघड होतं.

खोलीत दोन तट पडले. इलेक्ट्रिशियन आणि त्याच्या बाजूचे म्हणत मेकॅनिक घ्या.

"अण्णा, विचार करा. मे महिन्यात एसी बंद पडला होता तेव्हा आपण ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपलो होतो. हा माणूस घरात असला म्हणजे घरचा डॉक्टर. आणि सुरमईचं कालवण असं करतो म्हणतात की ताट चाटावं."

"मला कालवण नकोय. मला दल्ला पाहिजे," मी म्हटलं. "मेकॅनिकला ऑफला टाकला की तो मेला. क्रेनवाल्याला कुठे टाकणार?"

"पण मेकॅनिकही अजून किती तरी वर्षं खेळेल..."

"मेकॅनिक चाळिशीच्या पुढचा. क्रेनवाला तिशीच्या आतला आहे."

असं दोन-तीन दिवस चाललं. मग एका संध्याकाळी क्रेनवाला स्वतःच खोली बघायला आला. फार बोलणारा माणूस नव्हता. आम्ही चहा पुढे केला, तो हातात कप घेऊन खोलीभर फिरला. रिकामा पलंग बघितला, तो मधला होता. भिंतीवर हात ठेवून बघितला. फ्रीजपाशी थांबला, बाथरूमपाशी थांबला. शेवटी माझ्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. तसबिरीला हात जोडले. मला बरं वाटलं.

"ह्यो पलंग कोणाचो?"

"माझा," मी म्हटलं.

"सुंदर केल्यात, अण्णानू."

"मीच केलाय."

"माका ह्योच व्हयो."

इलेक्ट्रिशियनच्या नाकातोंडात चहा गेला. तो खोकत बाल्कनीत पळाला, आणि तिथे तो खोकत होता की हसत होता ते मला कळत होतं.

"हा मिळणार नाही," मी म्हटलं. "तो मधला आहे, तो तुझा."

"मदी माका झोप येणा नाय." त्याने कप धुऊन उपडा ठेवला. "बघतंय मगे. वरच्या खोलीवाल्यांनी पण बोलावल्यानी हा." आणि गेला.

तो जिना उतरला. मग सगळे एकदमच.

"अण्णा, आता?"

"आता काय?"

"दल्ला की कोपरा? एक काय ते बोला."

"दल्लाही येणार आणि कोपराही राहणार."

"असं कसं?"

"ते मी बघतो."

बघतो म्हटलं खरं, पण मला काही दिसत नव्हतं. पलंग सोडला तर जगभर होणार की कालच्या पोराने मागितला आणि म्हाताऱ्याने दिला. नाही सोडला तर तो वर जाणार, दल्ला वर जाणार, आणि माझ्या बोलण्याप्रमाणे मला मैदान सोडावं लागणार. खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी मुद्दाम तोंडावर काही दिसू देत नव्हतो.

इलेक्ट्रिशियनने मग एक काढलं. म्हणाला, देवाला विचारू. आमच्या गावचा देव कौल देतो. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गुरव गाऱ्हाणं घालणार, मग जी पाकळी आधी पडेल तो निकाल. जमिनीचं भांडण असो, मुलीचं लग्न असो, आमच्याकडे विचारल्याशिवाय होत नाही. गावात तेव्हा नुकतेच मोबाईल आले होते. मॅच नसलेला एक शुक्रवार धरून सकाळी इलेक्ट्रिशियनचा भाऊ मोबाईल घेऊन देवळात गेला. आम्ही सातही जण आंघोळ करून, बाजूच्या बकाल्याच्या, म्हणजे वाण्याच्या, दुकानातलं फोनकार्ड खरवडून, मोबाईल माझ्या फळीवर तसबिरीपुढे ठेवून उभे राहिलो. मला हे पसंत नव्हतं. बॅटिंगसाठी देवाला त्रास कशाला? पण देवाचं नाव निघाल्यावर मागे कसं राहायचं?

मोबाईलमधून आधी घंटा ऐकू आली, मग गुरवाचा आवाज.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सात जण एका आवाजात.

"तुझी लेकरं पोटासाठी समुद्रापल्याड गेली हत..."

"व्हय म्हाराजा!"

बाजूच्या खोलीतले केरळवाले दार उघडून बघायला आले. त्यांना वाटलं कोणी गेलं. इलेक्ट्रिशियनने हाताने खूण केली, क्रिकेट, क्रिकेट. ते अजून घाबरले.

उजवी पाकळी क्रेनवाल्याची, डावी मेकॅनिकची. आम्ही हात जोडून वाट बघितली. एकही पडेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आम्ही पुन्हा व्हय म्हाराजा केलं. पाकळ्या जिथल्या तिथे. कार्ड संपत आलं. शेवटी गुरवाने विचारलं, "हे दोघं कोणाच्यातले? कुठल्या वाडीतले?"

भावाने सांगितलं, "आपल्या गावचे नाहीत. एक वेंगुर्ल्याकडचा, एक गुहागरचा."

गुरव उखडलाच. "अरे शाण्यांनो, मग आमच्या देवाला काय विचारता? ती माणसं त्याच्या शिवेबाहेरची! त्यांच्यावर त्यांच्या गावच्या देवाचा हक्क. दुसऱ्या देवाच्या माणसाचा निकाल आमचा देव कसा देईल? आधी त्यांच्या देवाची परवानगी आणा."

आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि यायला हवं होतं, कारण गावात हे लहान पोराला ठाऊक असतं. कुवेतमध्ये कंपनी बदलायची तर आधीच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाने, रिलीज द्यावा लागतो, नाहीतर नवा कफील हात लावत नाही. आम्ही निदान पलंग बदलायला तो लागत नाही म्हणून खुशीत होतो. तर इथे देवच रिलीज मागत होता.

एवढ्यावर थांबलं असतं. पण गुरव म्हणाला, "त्या कोपऱ्याचं मात्र विचारता येईल. तो आपल्या माणसाचा आहे ना? सोडावा की ठेवावा, विचारू का?"

"विचारा, विचारा!" इलेक्ट्रिशियन ओरडला.

मी पुढे होऊन मोबाईल बंद केला.

"अण्णा!"

"कार्ड संपलं," मी म्हटलं.

"संपलं नव्हतं!"

"संपलं असतं." देवाने सोड म्हटलं असतं तर सोडावा लागला असता. देवाशी हट्ट करण्याएवढा मी मोठा नाही. म्हणून विचारलंच नाही. तसबिरीपुढे कान पकडले आणि नाश्त्याला बसलो.

पुढच्या शुक्रवारी मी दोघांनाही फिंतासला बोलावलं. म्हटलं, आधी बॅटिंग बघू, मग बोलू. बॉलिंग मी टाकली. माझा बॉल हळू असतो, पण वळतो. मेकॅनिकने अंगावरचे सगळे उचलले. ऑफला टाकला तेव्हा हवेत बॅट फिरवून माझ्याकडे बघून हसला. "अण्णा, वय झालं, पण कपट गेलं नाही तुमचं."

"कपट नाही ते, बॉलिंग आहे."

मग क्रेनवाला. पहिला बॉल त्याने सोडला. दुसरा माझ्या डोक्यावरून गेला आणि समुद्रात पडला. तिसरा त्याच्या मागे गेला. बॉल पाण्यावर तरंगत होते आणि ओहोटी त्यांना आत ओढत होती. इलेक्ट्रिशियन पँट वर करून पाण्यात शिरला आणि तिथून म्हणाला, "अण्णा, माझं मत बदललं."

नंतर आम्ही समुद्राच्या बांधावर चहा घेऊन बसलो. हवा गार होती, धुकं उतरत होतं. मेकॅनिक सगळ्यांना कुठल्या तरी शेखच्या घरातला एसी दुरुस्त केल्याची गोष्ट सांगत होता. क्रेनवाला थोडा लांब, बांधाला पाठ लावून बसला होता. बघतो तर त्याचा डोळा लागलेला. कपातला चहा तसाच. पण एक हात मागे बांधावर टेकलेला, पंजा पसरून, जसं आपण आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतो तसा.

मी जाऊन बाजूला बसलो. तो जागा झाला.

"कोपराच कशाला पाहिजे रे तुला?"

तो जरा लाजला. मग म्हणाला, "अण्णानू, दिसभर मी वर असतंय. काचेची पेटी, आजूबाजूक काय नाय. वारो इलो की सगळा हलता. रात्री निजलंय तरी हलल्यासारख्या वाटता. कुशीक भिंत लागली आणि हात ठेवलो की समाजता, मी जमिनीर हंय. मगे झोप लागता." कपातला गार चहा ओतून म्हणाला, "तुमचो पलंग माका हट्टान नको हा. त्या कोपऱ्यात भिंत हा, म्हणान मागलंय."

मी पण परांचीवर जन्म काढलेला माणूस. पहिल्या वर्षी उंच कामावरून उतरल्यावर माझेही पाय रात्री थरथरायचे. पण मनात दुसरंच चाललं होतं. याला माझा कोपरा नको होता. याला भिंत पाहिजे होती. आणि भिंत तर मी रोज उभी करतो. शटरिंग म्हणजे दुसरं काय? काँक्रीटची भिंत होण्याआधी ती माझी भिंत असते.

खोलीवर येऊन मी जाहीर केलं. "क्रेनवाला येणार. कोपरा माझाच राहणार. यापुढे चर्चा नाही."

"मग तो झोपणार कुठे?"

"कोपऱ्यात."

"कुठल्या?"

"पाचव्या."

इलेक्ट्रिशियनने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी साईटवरून चांगलं प्लायवूड आणि दोन-चार बत्ते, म्हणजे लाकडाच्या लांब पट्ट्या, आणले. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा माणूस. त्याने मला जिन्यात अडवलं.

"एह दा?" हे काय?

"दुलाब," मी म्हटलं. दुलाब म्हणजे कपाट. अरबी मला तेवढंच कामापुरतं येतं, पण जे येतं ते मी मोठ्याने बोलतो.

त्याने प्लायवूडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एवढं मोठं कपाट कोणाचं? तो माझ्या मागे वर आला. मी रिकाम्या पलंगाच्या कडेला बत्ता उभा केला, भिंतीत भोक न पाडता वर छताला आणि खाली फरशीला दाबून बसवला, खाली-वर पाचर मारली. एक खिळा नाही. शटरिंगमध्ये असंच करतात, काम झालं की पाचर काढायची आणि सगळं मोकळं. प्लाय त्यावर बसवलं. छातीएवढी उंच भिंत, पलंगाला एका कुशीला बंद करणारी. मागची खरी भिंत आणि ही, दोघींचा मिळून कोपरा. कडा रंध्याने गोल केल्या. हारिस तासभर उभा राहून बघत होता. शेवटी त्याने भिंतीला ढकलून बघितलं, ती हलली नाही, तेव्हा "माशाल्ला" म्हणाला आणि त्याच्या खोलीतल्या दाराचा विषय काढला. ते दार मी नंतर नीट करून दिलं.

क्रेनवाला ट्रंक घेऊन आला तेव्हा खोली आवरलेली होती. तो पाचव्या कोपऱ्यापुढे उभा राहिला. प्लायवर पंजा टेकला आणि जोर लावला. मग खांदा लावला.

"हलणा नाय," तो म्हणाला.

"काँक्रीट पेलतं ते. तुला नाही पेलणार?"

तो पलंगावर बसला, भिंतीला पाठ लावली. हसला, पहिल्यांदाच. गुरुवारी चिपळूणवाले तपासायला आले तेव्हा टॉवेल ओला होता, चपला दाराशी होत्या आणि तो भिंतीला पंजा टेकून गाढ झोपला होता. ते पाय न वाजवता परत गेले.

भिंतीमुळे एक झालं. एसीचा वारा अडला आणि पलीकडच्या दोघांना गरम व्हायला लागलं. आता एसीचं कोणाला सांगणार? मेकॅनिक वरच्या खोलीत गेला होता. पण माणूस दिलदार. पान्हा घेऊन खाली आला, एसीच्या पट्ट्या वळवल्या, मला भिंतीत वरच्या बाजूला जाळी कापायला सांगितली. मी कापली. काम करता करता तोंड चालूच.

"मला घेतला असता तर भिंतही लागली नसती. मी कुठेही झोपतो."

"म्हणूनच घेतला नाही. तू कुठेही झोपतोस आणि सगळीकडे ऐकू येतं."

"कोण बोलला मी घोरतो?"

"कोणी बोलायला कशाला पाहिजे? आम्ही तुझ्या खालीच राहतो."

जाताना आमच्या आमटीची चव बघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सुरमईचं कालवण वाटीभर खाली पाठवलं. इलेक्ट्रिशियनने वाटी चाटली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याचं घर विकलं.

महिन्याभरात प्रत्येकाला भिंत पाहिजे झाली. बाथरूमजवळचा म्हणे, मला पण हवी. फ्रीजजवळचा म्हणे, मलाही. मी सगळ्यांना एकच सांगितलं, "आधी समुद्रात सिक्स मारा."

फायनल आमची आणि वरच्या खोलीची झाली. क्रेनवाल्याने त्या दिवशी काय केलं ते ज्यांनी बघितलं ते अजून सांगतात, मी सांगायला नको. एवढंच लिहितो की इलेक्ट्रिशियन दुसऱ्या टोकाला उभा होता आणि त्याला बॅट उचलायचं काम पडलं नाही. त्यांची बॅटिंग आली तेव्हा मेकॅनिक सगळ्यात आधी आला. मी बॉल घेतला. ऑफला टाकला, हळू, जितका हळू टाकता येईल तितका हळू. त्याला माहीत होतं की तो तिथे पडणार, मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. तरी त्याने बॅट फिरवली. स्टंप पडला. हे मला लिहायलाच हवं होतं.

दल्ला फ्रीजवर आला. फ्रीज हलला की दल्ल्याचं झाकण खणखण वाजायचं, तेव्हा क्रेनवाल्याने चोचीत आणि झाकणात कागद कोंबला. पुढच्या वर्षीचं काय झालं ते विचारू नका. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा आमच्याकडे आला.

मग माझे गुडघे बोलायला लागले. परांचीवर चढताना लोक हात द्यायला लागले, ते मला चालेना. मी कायमचं जायचं ठरवलं. सामान बांधल्यावर मी क्रेनवाल्याला माझ्या पलंगाशी बोलावलं. सगळे होते. म्हटलं, "तुला पाहिजे होता ना हा? घे. आता मी देतो. तू मागतोस म्हणून नाही, माझ्या हाताने."

मला वाटलं तो पाया पडेल. तो पडला, पण म्हणाला, "नको, अण्णानू. माका माझो बरो हा. हातान केलेली भिंत हा ती."

त्याने चांगल्या मनाने म्हटलं. पण खरं सांगतो, मला थोडा राग आला, आणि तो अजून थोडा आहे. एवढा कोपरा, ज्याच्यासाठी एवढं झालं, आणि कोणी नको म्हणावं?

पण पलंग रिकामा ठेवता येत नव्हता. आठवा माणूस लागणारच. इलेक्ट्रिशियन सरळ वरच्या माळ्यावर गेला आणि थोड्या वेळाने मेकॅनिकची ट्रंक उचलून खाली आला. मागून मेकॅनिक, काखेत उशी. तो माझ्या पलंगावर बसला, फळीवरून हात फिरवला, तसबिरीला हात जोडले.

"अण्णा, तुमच्या जागेवर झोपायला मिळतंय, यापेक्षा काय पाहिजे?"

"ऑफला खेळायला शीक," मी म्हटलं.

म्हणजे शेवटी दोघंही आमचे झाले. मी कोपरा सोडला तेव्हा. हे त्या दिवशी कोणी बोललं नाही, पण टॅक्सीत बसताना इलेक्ट्रिशियनच्या तोंडावर मला ते दिसत होतं. मी खिडकीची काच वर केली.

त्या मोसमात एका शुक्रवारी गावी मी अंगणात पडवीचा वासा बदलत होतो, तेव्हा इलेक्ट्रिशियनचा फोन आला. मागे समुद्राचा वारा आणि आरडाओरडा.

"अण्णा, दल्ला फ्रीजवर चालला!"

"माझ्या फळीला कोणी खिळा मारला नाही ना?"

"नाही हो."

"आणि मेकॅनिक?"

"घोरतो. भिंत हलते."

"माझी भिंत हलायची नाही," मी सांगितलं, आणि पुन्हा करवत घेतली.